एमिलियाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'ऑथेल्लो'ची वाचनं घ्यायला लागले तेव्हा वाटलं होतं, लोक ऑथेल्लोच्या संशयाबद्दल विचारतील, इयागोच्या दुष्टपणाबद्दल विचारतील. तसं विचारतातही. पण वाचन संपल्यावर मागे रेंगाळणारा माणूस हटकून एमिलियाबद्दल काहीतरी विचारतो. कुणी तिच्यावर चिडलेलं असतं, कुणाला तिच्याखेरीज नाटकात दुसरं कुणी आवडलेलंच नसतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अंक आणि प्रवेशांचे आकडे सध्याच्या प्रचलित इंग्रजी आवृत्त्यांप्रमाणे आहेत. संवाद मी माझ्या मराठीत दिले आहेत.

१. मी नाटक वाचलेलं नाही. एमिलिया कोण, एवढं थोडक्यात सांगाल का?

शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो' या शोकांतिकेतली ती इयागोची बायको. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या चाकरीतला मूर, म्हणजे आफ्रिकी वंशाचा, सेनापती. डेस्डिमोना या उमराव घरातल्या मुलीशी तो गुपचूप लग्न करतो आणि तुर्कांचं आरमार येतंय म्हणून लगेच सायप्रस बेटावर रवाना होतो. इयागो त्याचा निशाणदार. नायबाची जागा आपल्याला न देता कॅसियोला दिली, हा राग त्याच्या मनात आहे. डेस्डिमोनाचे कॅसियोशी संबंध आहेत असं तो ऑथेल्लोच्या मनात भरवतो आणि पुरावा म्हणून एका रुमालाचा वापर करतो. तो रुमाल त्याच्या हाती एमिलियानं दिलेला असतो. ऑथेल्लो डेस्डिमोनाला मारतो. रुमालाची खरी हकीगत एमिलिया सगळ्यांसमोर सांगते आणि इयागो तिला तिथेच भोसकतो.

२. ती डेस्डिमोनाची दासी आहे ना?

दासी म्हटलं की तिचं स्थान चुकतं. ती एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी आहे. सायप्रसला जाताना डेस्डिमोनाच्या सोबतीला कुणी बाई हवी, म्हणून पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो इयागोला म्हणतो की तुझ्या बायकोला हिच्याबरोबर राहू दे. ही नेमणूक दोन पुरुषांत परस्पर ठरते. ती स्वतः तेव्हा रंगमंचावर नाही आणि तिचं नावही अजून आपल्याला कळलेलं नाही. पुढे ती डेस्डिमोनाचे कपडे काढून ठेवते, पलंगावर चादरी घालते, निरोप पोचवते. कामं चाकरीची आहेत, पण नातं सोबतिणीचं आहे. डेस्डिमोनाला 'बाईसाहेब' म्हणणारी हीच बाई चौथ्या अंकात तिच्याशी नवऱ्यांबद्दल मोकळेपणानं बोलते, तसं मोलकरीण बोलली नसती.

३. पहिल्यांदा ती दिसते तेव्हा जवळजवळ गप्पच असते. मग तिला बडबडी का म्हणतात?

तसं म्हणणारा एकटा इयागो आहे. दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात जहाजातून उतरल्यावर कॅसियो रीतीप्रमाणे एमिलियाचं चुंबन घेऊन तिचं स्वागत करतो. त्यावर इयागो म्हणतो, हिची जीभ मला जेवढी सोसावी लागते तेवढे हिचे ओठ तुमच्या वाट्याला आले, तर तुम्हाला पुरे होईल. डेस्डिमोना लगेच म्हणते, 'अहो, ही तर बोलतच नाही.' मग इयागो बायकांच्या जातीवरच घसरतो: बाहेर तसबिरी, दिवाणखान्यात घंटा, स्वयंपाकघरात रानमांजरी, असं बरंच काही. एमिलिया दोन-तीन छोट्या वाक्यांत उत्तर देते. त्यातलं एक असं की माझी स्तुती तुम्ही नकाच लिहू.

हे संवाद काही प्रयोगांत हशा वसूल करायला वापरतात. माझ्या मते तिथे हशा आला तर पुढची फार मोठी गोष्ट हातची जाते. चारचौघांत नवऱ्यानं असं बोलणं तिच्या अंगवळणी पडलंय, हे प्रेक्षकाला इथेच दिसलं पाहिजे. प्रश्न ६ याच्याशी जोडून वाचा.

४. तिनं रुमाल चोरला की तिला तो सापडला?

सापडला. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो डोकं दुखतंय म्हणतो, डेस्डिमोना रुमालानं त्याचं कपाळ बांधायला जाते, तो म्हणतो तुझा रुमाल लहान पडतो, आणि रुमाल खाली पडतो. दोघं निघून जातात. एमिलिया तो उचलते आणि स्वतःशी बोलते. मूरनं बाईसाहेबांना दिलेली ही पहिली आठवण आहे, त्या तो सतत जवळ ठेवतात, त्याचे मुके घेतात, त्याच्याशी बोलतात, आणि माझ्या लहरी नवऱ्यानं हा चोरून आण म्हणून मला शंभर वेळा गळ घातली आहे.

म्हणजे इतक्या वेळा सांगूनही तिनं चोरलेला नव्हता. पण सापडल्यावर परतही केला नाही. वस्तू कुणाची, ती तिला किती प्रिय, हे सगळं माहीत असताना तिनं ती ठेवून घेतली. 'सापडला' हे खरं असलं तरी ते पुरतं निर्दोष नाही, आणि शेवटच्या प्रवेशात ती स्वतःही अपराधाचा भार टाळत नाही.

५. "यावरचं काम काढून घेते" असं ती म्हणते. रुमालावरची वेलबुट्टी ती उसवणार होती का?

नाही. भाषांतरांत इथे नेहमी घोळ होतो. त्या काळच्या इंग्रजीत याचा अर्थ नक्षी उतरवून घेणं, तशीच दुसरी भरून घेणं. रुमालावर स्ट्रॉबेऱ्या भरलेल्या आहेत, हे त्याच प्रवेशात इयागोच्या तोंडून कळतं. पुढे इयागो रुमाल कॅसियोच्या खोलीत टाकतो, आणि कॅसियोही तो आपल्या प्रेयसीला, बियांकाला, देऊन हेच काम सांगतो.

हा बारकावा एमिलियाच्या बाजूनं जातो. नवऱ्याला तिला हुबेहूब नक्कल द्यायची होती की नक्कल ठेवून मूळ रुमाल, हे वाक्यावरून पक्कं होत नाही. पण नक्कल करायचा विचार मनात आला, याचा अर्थ बाईसाहेबांचं अगदीच नुकसान होऊ नये असं तिला वाटत होतं. तेवढ्यात इयागो येतो आणि नक्कल करायला वेळच उरत नाही.

६. डेस्डिमोना रुमाल शोधते तेव्हा एमिलिया "मला माहीत नाही" असं सरळ खोटं का बोलते?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा रागानं विचारलेला.

आधी घडलेलं क्रमानं पाहू. रुमाल दाखवल्यावर इयागो म्हणतो, शहाणी आहेस, दे इकडे. ती विचारते, याचं करणार काय तुम्ही, एवढे मागे का लागला होतात? तो हिसकावून घेतो: तुला काय करायचंय? ती म्हणते, काही महत्त्वाचं काम नसेल तर परत द्या, बिचाऱ्या बाईसाहेब वेड्या होतील. तो म्हणतो, तुला यातलं काही माहीत नाही असंच दाखव, मला त्याचा उपयोग आहे, जा आता. ती जाते.

पुढच्याच प्रवेशाच्या सुरुवातीला डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठे गं हरवला असेल? आणि एमिलिया म्हणते, 'माहीत नाही, बाईसाहेब.' नवऱ्यानं पढवलेलं वाक्य पहिल्याच संधीला तिच्या तोंडून बाहेर पडतं. इथवर तरी तिच्या मते हा एका फडक्याचा प्रश्न आहे.

खरी अडचण त्यानंतर येते. ऑथेल्लो आत येतो आणि रुमाल मागतो. एका इजिप्शियन बाईनं तो आपल्या आईला दिला, त्यात जादू आहे, तो हरवला तर सर्वनाश होईल, असं सांगतो. डेस्डिमोना नायबपद गेलेल्या कॅसियोची रदबदली करत राहते आणि तो प्रत्येक वेळी एकच शब्द उच्चारतो: रुमाल! हे सगळं एमिलियाच्या देखत चालतं. आता ती बोलू शकली असती. तो गेल्यावर ती एवढंच विचारते, 'हा माणूस संशयी नाही का?' आणि मग म्हणते की पुरुष कळायला एक-दोन वर्षं पुरत नाहीत, ते म्हणजे नुसती पोटं आणि आपण त्यांचं अन्न, हावरटासारखं खातात आणि पोट भरलं की ढेकर देऊन बाहेर टाकतात.

तिच्या गप्प राहण्याचं कारण नाटककारानं तिच्या तोंडी घातलेलं नाही. माझं उत्तर असं आहे. नवऱ्यानं गप्प राहायला सांगितलंय आणि नवऱ्याचं ऐकणं हा तिच्या संसाराचा रोजचा परिपाठ आहे. खरं सांगितलं तर नवरा चोरीला प्रवृत्त करणारा ठरतो आणि आपण खोटारडी ठरतो. आणि रुमालाचा कॅसियोशी काही संबंध आहे, हे तिला या क्षणी ठाऊकच नाही. आपल्याला सगळा कट माहीत असतो म्हणून तिची चूक आपल्याला डोंगराएवढी दिसते.

तरीही ती चूकच आहे. समोर एक बाई तिच्यामुळे अडचणीत आलेली तिला दिसते आणि ती बघत राहते. हे पुसून तिला साध्वी करू नये. पाचव्या अंकातलं तिचं बोलणं मोठं वाटतं ते या गप्प राहण्यामुळेच.

एका तालमीतली गोष्ट सांगते. एमिलिया करणाऱ्या मुलीनं रुमाल उचलला तेव्हा तो आधी आपल्या बाहीत खोचला, मग इयागोनं तो तिथून ओढून काढला. पुढच्या प्रवेशात 'माहीत नाही, बाईसाहेब' म्हणताना तिचा दुसरा हात नकळत त्या रिकाम्या बाहीवर गेला. कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्या गटात हा प्रश्न कुणी विचारला नाही.

७. इयागोचा कट तिला आधीपासून माहीत होता का? शेवटी ती "मला तेव्हाच वाटलं होतं" म्हणते, ते काय?

कट माहीत नव्हता, याला संहितेत भक्कम आधार आहे. चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो तिची उलटतपासणी घेतो. डेस्डिमोना निष्कलंक आहे यावर मी माझा आत्मा पणाला लावते, असं ती सांगते. त्याच प्रवेशात पुढे, खुद्द इयागो समोर उभा असताना ती म्हणते, कुणीतरी पक्क्या बदमाषानं, एखादी जागा मिळवण्यासाठी हे कुभांड रचलं असणार, तसं नसेल तर मला फाशी द्या. इयागो म्हणतो, छे, असा माणूस असूच शकत नाही. आणि तिला आवाज खाली ठेवायला सांगतो. नवऱ्याला जाणूनबुजून टोमणा मारायचा तर ती इतकी बेसावध बोलली नसती. त्यातही 'जागा मिळवण्यासाठी' हे शब्द पाहा. कारणासकट तिनं बरोबर ओळखलंय, फक्त माणूस ओळखलेला नाही.

'मला तेव्हाच वाटलं होतं' हे मात्र खरोखर निसरडं आहे. 'तेव्हा' म्हणजे कधी? रुमाल हिसकावला तेव्हा? की बदमाष कोण असेल असं बोलता बोलता मनात क्षणभर काही चमकून गेलं तेव्हा? जाणकारांत दोन्ही मतं आहेत. मला दुसरं पटतं. संशय मनात डोकावला आणि तिनं तो ढकलून दिला, कारण त्या संशयासोबत संसार करता आला नसता. त्याच वाक्यापाठोपाठ ती म्हणते, 'दुःखानं जीव देईन मी.' आधी काहीच वाटलं नसतं तर एवढी आग स्वतःवर उलटली नसती. नटीनं यापैकी एक ठरवूनच चौथ्या अंकात उभं राहावं.

८. डेस्डिमोनाचं लग्न तर नुकतंच झालंय. मग इयागोनं रुमाल "शंभर वेळा" मागितला कधी?

बरोबर हिशेब केलात. सायप्रसला उतरल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर घडणाऱ्या घटना जेमतेम दीड दिवसाच्या आहेत. पण संवादांत मात्र काळ लांबतो: इयागोचा 'शंभर वेळा' लावलेला तगादा, कॅसियो आठवडाभर फिरकला नाही ही बियांकाची तक्रार. याला अभ्यासक 'दुहेरी काळ' म्हणतात. घटना धावतात, त्यामुळे ऑथेल्लोला विचार करायला उसंत मिळत नाही. संवाद लांबतात, त्यामुळे संशयाला जागा सापडते. एमिलियाच्या तोंडचे 'शंभर' हे वैतागलेल्या बायकोचे शंभर म्हणूनही चालतात.

९. एमिलिया आणि ऑथेल्लो यांच्यात खरंच काही होतं का?

नाटकात याचा कणभरही पुरावा नाही. इयागो पहिल्या अंकाच्या शेवटी म्हणतो की लोक तसं बोलतात, खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण मी ते खरं धरूनच चालणार. दुसऱ्या अंकात तो कॅसियोवरही तोच आळ घेतो. एमिलियाला याची कल्पना आहे. चौथ्या अंकात ती त्याला म्हणते, अशाच कुणीतरी तुमची अक्कल उलटी केली आणि मूरबरोबर माझा संशय घ्यायला लावला. म्हणजे हे भांडण घरात होऊन गेलेलं आहे. डेस्डिमोनावर आज जे कोसळतंय त्याची धग या बाईनं आधीच सोसली आहे. म्हणूनच संशयी माणसांना कारण लागत नाही, संशय स्वतःलाच जन्म देणारा राक्षस आहे, हे तिसऱ्या अंकात ती इतक्या खात्रीनं सांगू शकते.

१०. नवऱ्यांबद्दलचं तिचं प्रसिद्ध भाषण एका पुस्तकात आहे, दुसऱ्यात नाही. कुठलं खरं?

दोन्ही जुन्या छापील प्रतींवर आधारलेली असतील. 'ऑथेल्लो'चा नोंदलेला पहिला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी व्हाइटहॉलच्या राजवाड्यात झाला, पण नाटक छापलं गेलं ते शेक्सपियरच्या मृत्यूनंतर. १६२२ मध्ये सुटी क्वार्टो प्रत आली आणि १६२३ मध्ये फोलिओ हा एकत्रित ग्रंथ. फोलिओत सुमारे १६० ओळी जास्त आहेत. त्यात डेस्डिमोनाचं विलोचं, म्हणजे वाळुंजाच्या झाडाचं गाणं आहे, एमिलियाचं हे भाषण आहे, आणि मरताना ती त्याच गाण्याची आठवण काढते त्या ओळीही आहेत. या ओळी आधी होत्या आणि गाळल्या गेल्या, की मागाहून घातल्या, यावर एकमत नाही.

बसवणाऱ्यांना विनंती एवढीच: वेळ वाचवायला चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश कापू नका. दोन बायका, रात्रीची वेळ, एकीच्या केसांतल्या नि कपड्यांतल्या टाचण्या दुसरी काढतेय. या नाटकात पुरुषांच्या नजरेपासून दूर असलेली एवढीच जागा आहे.

११. त्या प्रवेशात ती व्यभिचाराचं समर्थन करते, मग तिला सद्गुणी कसं म्हणायचं?

डेस्डिमोना विचारते, सगळं जग मिळालं तरी नवऱ्याशी प्रतारणा करणाऱ्या बायका असतात का? एमिलिया थट्टेनं सुरुवात करते: या स्वर्गाच्या उजेडात नाही करणार, अंधारात करता येईल. अंगठीसाठी, कापडासाठी नाही करणार, पण सगळ्या जगासाठी? नवऱ्याला राजा करायला मिळत असेल तर कोण नाही म्हणेल?

मग सूर बदलतो. बायका घसरतात त्यात दोष नवऱ्यांचा असतो. ते बाहेर उधळतात, उगाच संशय घेतात, हात उगारतात, खर्चाला पैसे देत नाहीत. नवऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बायकांनाही त्यांच्यासारख्याच जाणिवा असतात. त्यांनाही दिसतं, वास येतो, गोड-आंबट कळतं. हे ऐकताना तिच्या स्वतःच्या घरातलं काहीतरी उघडं पडतंय असं वाटत राहतं. डेस्डिमोनाला ऑथेल्लोनं दिवसा सगळ्यांदेखत तडाखा मारलेला आहे, ते एमिलियाच्या कानावर आलं असणार.

ती स्वतः तसं वागली असा एकही शब्द नाटकात नाही. हे बोलणं एका निष्ठावान बाईचं आहे, म्हणून त्याला वजन आहे.

१२. स्वतः एवढं सोसूनही ती बियांकाला हिणवते. हे विसंगत नाही का?

आहे, आणि तसंच ठेवावं. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात कॅसियो जखमी झाल्यावर इयागो संशय बियांकावर वळवतो आणि एमिलिया लगेच तिला वेश्या म्हणून झिडकारते. बियांका उत्तर देते, मी वेश्या नाही, तुझ्याइतकीच अब्रूनं जगते. थोड्याच वेळापूर्वी एमिलियानं डेस्डिमोनाला तोच शब्द ऐकावा लागला म्हणून आकांत केला होता. नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय या क्षणापर्यंत सुटलेली नाही. शेवटच्या प्रवेशाला आता काही मिनिटंच उरली आहेत.

१३. शेवटच्या प्रवेशात ती "माझा नवरा?" असं पुन्हा पुन्हा का विचारते? ऐकताना विचित्र वाटतं.

ऑथेल्लोलाही विचित्र वाटतं, तोही वैतागून विचारतो की हे काय तेच तेच? डेस्डिमोनाला मारल्यावर तो सांगतो की तुझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. ती तीनदा नुसतं 'माझा नवरा?' म्हणते आणि चौथ्यांदा ते वाक्यात येतं: माझा नवरा म्हणाला की ती बदफैली होती?

हे चारही उच्चार एकाच सुरात म्हटले तर प्रसंग पडतो. पहिल्यात साधा गोंधळ असतो. दुसऱ्यात नकार. तिसऱ्यात रुमाल आठवायला लागलेला असतो, निदान तो हिसकावणारा हात तरी. प्रश्न ७ मधला ढकलून दिलेला संशय इथे परत येतो. त्यानंतरही इयागो खोलीत आल्यावर ती त्याला एक शेवटची संधी देते: तुम्ही असं म्हणाला नाहीत ना? तुम्ही इतके नीच नाही, मला माहीत आहे, बोला, माझं काळीज भरून आलंय. तो कबूल करतो. मग मात्र ती थांबत नाही. 'त्यांची आज्ञा पाळणं योग्य आहे, पण आत्ता नाही. इयागो, मी कदाचित कधीच घरी येणार नाही.' घरी जा म्हणून तो दोनदा सांगतो, तलवार उपसतो, आणि ती रुमालाची हकीगत पूर्ण करते.

१४. मराठीत करताना एमिलियानं इयागोला 'तुम्ही' म्हणावं की 'तू'? आणि ऑथेल्लोला?

मूळ इंग्रजीतही हा भेद आहे, म्हणून प्रश्न रास्त. ऑथेल्लोशी ती आदरानं, 'महाराज' म्हणून बोलते. डेस्डिमोनाचा मृत्यू झाल्यावर ती त्याला एकेरीवर येते: तू तिच्यावर खोटा आळ घेतोस, तू सैतान आहेस. मराठीत हे जसंच्या तसं करता येतं आणि कानाला चटका बसतो. इयागोशी ती जवळपास सगळीकडे आदरार्थीच बोलते. शेवटच्या प्रवेशात त्याला कबुली विचारताना एकेरी येतं आणि लगेच पुन्हा आदरार्थी. वर प्रश्न १३ मध्ये मी तिथे 'तुम्ही' ठेवलंय, कारण त्या क्षणी ती अजून त्याची बायको म्हणून विनवतेय असं मला वाटतं. मूळ संहितेप्रमाणे 'तू' ठेवलंत तरी चूक नाही.

मराठीत या नाटकाची परंपरा जुनी आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७चं, गोविंद बल्लाळ देवलांचं 'झुंजारराव' १८९०चं, आणि पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही ते मराठीत आणलं.

१५. मूळ इटालियन गोष्टीतही एमिलिया आहे का?

आहे, पण बिननावाची. शेक्सपियरनं गोष्ट घेतली ती चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ मधल्या कथासंग्रहातून. त्यात निशाणदाराच्या बायकोला नवऱ्याचा बेत माहीत असतो आणि त्याच्या भीतीनं ती काही बोलत नाही. रुमालही ती देत नाही. डेस्डिमोना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन खेळवत असताना निशाणदार स्वतः तो लांबवतो. बायको शेवटी जिवंत राहते आणि सगळी हकीगत तीच नंतर सांगते.

शेक्सपियरनं तिला काय माहीत आहे ते काढून घेतलं आणि रुमाल तिच्या हातात दिला. मूळ गोष्टीतली बाई जाणून गप्प राहते आणि वाचते. ही नकळत हातभार लावते आणि कळल्याक्षणी बोलून मरते. मूलही कथेतून गेलं. इयागो-एमिलियाला मूल असल्याचा उल्लेख नाटकात कुठेच नाही.

१६. ऑपेरात ती मरत नाही, हे खरं का?

खरं आहे. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या १८८७च्या 'ओतेल्लो'त ती सत्य उघड करते आणि वाचते. रुमालही तिथे ती स्वखुशीनं देत नाही, इयागो तो तिच्याकडून जबरदस्तीनं घेतो. त्यामुळे तिच्यावरचा दोष बराच हलका होतो, आणि भूमिकाही.

१७. ती बोलली नसती तरी सत्य बाहेर आलंच असतं ना? रोडेरिगोच्या खिशातली पत्रं सापडतातच.

रोडेरिगो हा डेस्डिमोनाच्या मागे लागलेला, इयागोनं हाताशी धरलेला माणूस. त्याची पत्रं सापडतात, पण ती कॅसियोवरच्या हल्ल्याची आणि इयागो-रोडेरिगोच्या कारस्थानाची. कॅसियोही सांगतो की रुमाल त्याला स्वतःच्या खोलीत सापडला आणि तो आपणच टाकला अशी कबुली इयागोनं दिली. ही कबुली येते ती एमिलियानं सगळं उघडं केल्यावर, इयागोला धरून आणल्यावर. ती बोलली नसती तर त्या खोलीत 'प्रामाणिक' इयागो, हातात न्याय केल्याचं समाधान असलेला ऑथेल्लो आणि बदनाम होऊन मेलेली डेस्डिमोना एवढेच उरले असते. डेस्डिमोनाचा काकाही ऑथेल्लोचं ऐकून घेत उभा होता.

शिवाय हे पाहा: 'हिची जीभ फार चालते' म्हणणारा इयागो पकडल्यावर म्हणतो, इथून पुढे मी एक शब्दही बोलणार नाही. आणि ज्या बाईला डेस्डिमोना 'ही तर बोलतच नाही' म्हणाली होती, ती शेवटचा श्वास जाईपर्यंत बोलत राहते.

१८. "मला बाईसाहेबांच्या शेजारी ठेवा" ही तिची शेवटची इच्छा पुरी होते का?

संहितेत याचं उत्तर नाही. इयागो तिला भोसकून पळतो. ती म्हणते, मला माझ्या बाईसाहेबांच्या शेजारी ठेवा. डेस्डिमोनाचा काका ग्रॅशियानो एवढंच म्हणतो की तो पळाला, पण बायकोला मारून गेला. सायप्रसचा आधीचा सुभेदार मोंटानो इयागोच्या मागे धावतो, ग्रॅशियानो दारावर पहारा द्यायला बाहेर जातो. तिला उचलल्याची सूचना छापील प्रतींत दिलेली नाही. खोलीत उरतात ती आणि ऑथेल्लो. ती डेस्डिमोनाला विचारते, तुमच्या गाण्यानं काय सुचवलं होतं, बाईसाहेब? विलो, विलो म्हणते. मग ऑथेल्लोला: 'मूर, ती पवित्र होती. तिचं तुझ्यावर प्रेम होतं, क्रूर मूर.' आणि मरते. ऑथेल्लो तिला एका शब्दानंही उत्तर देत नाही. त्याचं पुढचं वाक्य खोलीत असलेल्या दुसऱ्या शस्त्राबद्दल आहे.

शेवटी व्हेनिसहून आलेला दूत लोडोविको पलंगावरच्या त्या करुण ओझ्याकडे बोट दाखवतो. ते ओझं दोघांचं की तिघांचं, हे प्रत्येक प्रयोगाला ठरवावं लागतं. काही दिग्दर्शक तिला जमिनीवरच ठेवतात, म्हणजे नवरा-बायकोचं चित्र मोकळं राहतं. आम्ही केलं तेव्हा ती स्वतः सरपटत पलंगापर्यंत गेली. वर चढायचं बळ नव्हतं. तिनं डेस्डिमोनाचा खाली लोंबणारा हात धरला आणि पडदा पडेपर्यंत तो सोडला नाही.